आठवण आणि नोंद

रात्री तीनच्या सुमारास जाग आली तेव्हा खोलीत कुणीतरी होतं. दिसत नव्हतं, पण दाराशी उभं आहे हे पक्कं ठाऊक होतं. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे ते जसं आपल्याला ठाऊक असतं, तसं. मग ते जवळ आलं. पलंगाची कड दबली. छातीवर ओझं आलं. ओरडावं म्हटलं तर आवाज फुटेना, हात उचलावा म्हटलं तर बोटसुद्धा हलेना. किती वेळ गेला सांगता येत नाही, फार तर एखादं मिनिट असेल. मग करंगळी हलली आणि सगळं विरून गेलं.

मी भुताखेतांच्या गोष्टींवर वर्षानुवर्षं वाद घालत आलेला माणूस. या प्रकाराला स्लीप पॅरालिसिस म्हणतात हे मला पाठ होतं. स्वप्नं पडणाऱ्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस खरोखरच भिंतीवर जाऊन आदळेल. कधीकधी जाग आधी येते आणि शरीराची सुटका मागाहून होते. मधल्या वेळात डोळे उघडे, शरीर बांधलेलं आणि स्वप्न अजून चालू. हे सगळं स्पष्टीकरण अर्ध्या मिनिटात डोक्यात हजर झालं. तरी दिवा लावण्यासाठी पाय खाली टाकायची हिंमत मला उजाडेपर्यंत झाली नाही. पलंगाखाली काय असेल, कोण जाणे! 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण मी अनेकांना ऐकवली आहे. माझ्या बाबतीत मात्र क्रम उलटा झाला. ब्रह्मराक्षस आधी आला, भीती त्याच्या मागून.

हा अनुभव आयुष्यात एकदा तरी साधारण ८ टक्के लोकांना येतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर एक म्हातारी येऊन बसते. जपानमध्ये त्याला 'कानाशिबारी' म्हणतात, म्हणजे धातूने जखडलं जाणं. घडतं तेच, फक्त पाहुणा त्या त्या जागेचा असतो. म्हणून 'आम्हाला अनुभव आला आहे, तुम्हाला नाही' ही मानणाऱ्यांची तक्रार मला पटत नाही आणि 'तुम्हाला भास झाला' हे न मानणाऱ्यांचं उत्तर अपुरं वाटतं. भास झाला हे खरंच आहे, पण तो मलाही झाला. दोघांमधली रेघ अनुभवापाशी ओढता येत नाही. ती पुढे कुठेतरी आहे.

ही रेघ बुद्धीपाशी किंवा शिक्षणापाशी ओढायची सवय सुशिक्षितांना फार. तीही टिकत नाही. थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारे विल्यम क्रूक्स आत्म्यांच्या बैठकांना बसत आणि तिथे जे दिसलं ते खरं मानत. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीच्या तत्त्वापर्यंत पोचलेले आल्फ्रेड रसेल वॉलेस पक्के प्रेतात्मवादी होते, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे जिवंत माणसांशी बोलतात असं मानणारे. अमेरिकेत २००५ साली गॅलप संस्थेने केलेल्या पाहणीत जवळपास चारातल्या तिघांनी अतींद्रिय शक्ती, झपाटलेली घरं, पुनर्जन्म यांसारख्या दहा गोष्टींपैकी निदान एक तरी मानत असल्याचं सांगितलं. चारातले तीन मूर्ख आणि चौथे आपण, हा हिशोब मनाला सुखावणारा असला तरी मला तो संशयास्पद वाटतो.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मानणं हे आठवणीचं काम आहे आणि शंका घेणं हे नोंदीचं. आणि माणूस जन्मतः आठवणारा प्राणी आहे, नोंद ठेवणारा नव्हे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, एका वहीने शिकवलं. फोन वाजण्याआधी 'आता अमक्याचा फोन येणार' असं वाटतं आणि खरोखरच त्याचाच येतो, हा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा. एका वर्षी ठरवलं, असं वाटलं रे वाटलं की लिहायचं. फोन यायच्या आधी. तारीख, वेळ, नाव. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की वही समोर ठेवली की असं वाटणंच जवळजवळ बंद होतं. मी थोडा खट्टू झालो. मग उलगडा झाला. 'मला वाटलंच होतं' ही भावना बहुतेक वेळा फोन वाजल्यानंतर तयार होते आणि मागची तारीख टाकून मनात जमा होते. यात लबाडी कुणाचीच नसते. मन हा असा कारकून आहे की जो आवक नोंदवही संध्याकाळी एकदम भरतो आणि सगळं सकाळीच आल्याचं दाखवतो. पुढच्या काही महिन्यांत ज्या थोड्या नोंदी खरोखर आधी झाल्या, त्यांतलं एक नाव बरोबर निघालं. ते नाव मला आजही आठवतं. चुकलेल्यांपैकी एकही सांगता येणार नाही, त्यासाठी वही उघडावी लागेल.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे आपल्या भाषेत मुरलेलं शहाणपण आहे. संस्कृतात तर त्याला 'काकतालीय न्याय' असं नाव देऊन टाकलं आहे. पण कावळा बसला आणि फांदी मोडली नाही, अशा फांद्यांवर म्हण नाही. असणारही नाही. जे घडलंच नाही त्याची गोष्ट कोण सांगणार आणि ऐकायला कोण बसणार? रोमन लेखक सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी डायगोरस नावाच्या नास्तिकाचा एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. देवाला नवस बोलून वादळातून वाचलेल्यांची चित्रं एका देवळात लावलेली होती. मित्राने ती दाखवून विचारलं, "आता तरी पटलं ना?" डायगोरस म्हणाला, ज्यांनी नवस बोलले आणि जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे आहेत? समुद्राच्या तळाशी भिंत नसते आणि चितारीही नसतो.

थोडा हिशोब करून पाहू. समजा, जवळच्या माणसाच्या मृत्यूचं स्वप्न पडावं आणि दुसऱ्याच दिवशी ते माणूस जावं, असं दहा लाख रात्रींतून एकदा घडतं. म्हणजे जवळजवळ अशक्यच. पण एक कोटी लोकांमध्ये अशी दहा माणसं रोज सकाळी निघतील, वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त. त्यांच्यापैकी कुणीही खोटं बोलत नसेल. प्रत्येकाची गोष्ट घरात, नातलगांत, पुढच्या पिढीत सांगितली जाईल. हा हिशोब अचूक आहे आणि ज्याला ते स्वप्न पडलं त्याच्यासाठी निव्वळ निरुपयोगी. त्याला एक कोटी लोक दिसत नाहीत, त्याला आई दिसते. इथे शंका घेणाऱ्यांची गाडी नेहमी अडते. आपण सरासरीची भाषा बोलतो आणि समोरचा माणूस एका रात्रीबद्दल बोलत असतो.

नोंद कशी घ्यावी याचा माझ्या मते सर्वांत देखणा नमुना इंग्लिश शास्त्रज्ञ मायकल फॅरेडेचा आहे. १८५३च्या सुमारास युरोपात टेबल फिरवण्याचं वेड आलं होतं. माणसं टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवायची आणि टेबल आपोआप सरकायला लागायचं. आत्मे ओढतात, कुणी म्हणे. वीज, कुणी म्हणे. फॅरेडेने कुणालाही फसवं ठरवलं नाही. त्याने ओळखीची, भल्या मनाची माणसं बसवली. टेबलावर पुठ्ठ्यांची चळत ठेवली आणि मधेमधे मऊ चिकट गोळ्या लावल्या, म्हणजे पुठ्ठे थोडे सरकू शकतील आणि किती सरकले याची खूण राहील. आत्मा टेबल ओढत असेल तर खालचा पुठ्ठा पुढे जायला हवा, वरचा आणि त्यावरचे हात मागे राहायला हवेत. झालं उलटं. वरचे पुठ्ठे जास्त सरकले होते. म्हणजे आधी हात ढकलत होते, टेबल मागाहून जात होतं. पुढे त्याने एक काडी अशी बसवली की हाताने जरासा जोर दिला तरी ती झुकून दिसावी. काडी डोळ्यांसमोर असेपर्यंत टेबल हललंच नाही.

यातला मला भावणारा भाग असा की ती माणसं प्रामाणिक होती. आपण ढकलत नाही, असं ती मनापासून सांगत होती. त्यांना स्वतःच्या हातांची खबर नव्हती. फॅरेडेच्या काडीने त्यांचा अपमान केला नाही, त्यांचेच हात त्यांना दाखवले. प्रामाणिकपणा आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं जरी दोन्ही बाजूंनी कबूल केलं तरी निम्मी भांडणं मिटतील. 'माझी आजी खोटं बोलेल का?' या प्रश्नाचं उत्तर 'अजिबात नाही' असंच आहे. प्रश्न तो नव्हताच.

मग माणसं नोंद का ठेवत नाहीत? आळस हे एक कारण, पण मोठं कारण असं की काही वेळा नोंद परवडत नाही. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल आणि जादूगार हॅरी हुदिनी यांची गोष्ट त्यासाठी सांगायला हवी. डॉइल प्रेतात्मवादाचा जगभर फिरणारा प्रचारक. मुलगा गेला म्हणून तो तिकडे वळला, असं सर्रास सांगितलं जातं. पण आपली श्रद्धा त्याने १९१६ साली जाहीर केली आणि मुलगा किंग्जली गेला १९१८ साली. (सोपी कारणं आपल्याला किती चटकन पटतात पाहा!) हुदिनीची आई १९१३ साली गेली होती आणि तिच्यावर त्याचा इतका जीव होता की तिचा एक शब्द ऐकण्यासाठी तो कुठेही गेला असता. म्हणजे गरज दोघांनाही होती. हुदिनीला कदाचित काकणभर जास्तच.

१९२२च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीत डॉइलच्या पत्नीने हुदिनीसाठी बैठक घेतली आणि त्याच्या आईचा म्हणून पंधरा पानांचा संदेश भराभर लिहून काढला. वर क्रूस काढलेला, मजकूर इंग्रजीत. हुदिनीची आई एका ज्यू धर्मगुरूची पत्नी होती आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. तो दिवस तिच्या जन्मदिनाचा होता, पण संदेशात त्याचा उल्लेखही नव्हता. डॉइलचं म्हणणं, क्रूस माझी पत्नी नेहमीच काढते. भाषेच्या अडचणीवरही त्याच्याकडे उत्तर तयार होतं. पुढे दोघांची मैत्री तुटली. डॉइलला तर शेवटपर्यंत वाटायचं की हुदिनीकडेच दैवी शक्ती आहे आणि तो ती लपवतो आहे.

एकाने मानलं आणि दुसऱ्याने नाकारलं, हे कशामुळे? माझ्या मते, धंद्यामुळे. उमेदवारीच्या काळात पोटासाठी हुदिनीने स्वतः खोट्या बैठकांचे खेळ केले होते. माणूस आपल्या हाताने फसवू लागला की फसणारी मनं कशी चालतात हे त्याला आतून कळतं. डॉइल डॉक्टर होता, लेखक होता, सज्जन होता. त्याने कधी कुणाला फसवलं नव्हतं, म्हणून फसवणूक कशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं. हुदिनीने मरणापूर्वी पत्नीशी एक सांकेतिक खूण ठरवून ठेवली होती. मेल्यावर बोलता आलं तर तीच खूण पाठवायची. प्रेमातसुद्धा आधी लिहून ठेवलेली नोंद! १९२६ साली तो गेला. त्याची पत्नी बेस दर पुण्यतिथीला वाट पाहत बसे. शेवटची बैठक १९३६ साली झाली.

इथवर वाचून शंका घेणारे खूश झाले असतील, तर थोडं त्यांच्याकडे वळू. म्हणजे माझ्याकडेच. आमच्या मंडळींची एक लाडकी गोष्ट आहे. व्हिक टँडी नावाच्या इंग्लिश अभियंत्याला एका प्रयोगशाळेत रात्री एकट्याने काम करताना अंगावर काटा यायचा, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसायची. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं शिकंजात अडकवलं तर ते आपोआप थरथरू लागलं. शोध घेतला तेव्हा नवा बसवलेला पंखा १९ हर्ट्झच्या आसपासचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडत होता. पंख्यात बदल केला आणि भूत गेलं. १९९८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. मी ही गोष्ट पन्नास वेळा तरी रंगवून सांगितली असेल. पण पुढे लंडनमध्ये एका खोलीत मुद्दाम असा ध्वनी सोडून, लोकांना आत फिरवून त्यांचे अनुभव लिहून घेतले गेले. लोकांना चमत्कारिक वाटलं खरं, पण त्याचा त्या ध्वनीशी संबंध दिसला नाही. ते मी किती वेळा सांगितलं? एक माणूस, एक खोली, एक पंखा, झटकन पटणारा शेवट. आमचीही ती भुताचीच गोष्ट होती, फक्त भूत उलटं टांगलेलं.

आणि आमच्या घराण्यात याहून मोठी चूक होऊन गेली आहे. अठराव्या शतकात आकाशातून दगड पडतात असं शेतकरी सांगत, तेव्हा विद्वान हसत. १७७२ साली लाव्हाझिएसह तिघा शास्त्रज्ञांनी असा एक दगड तपासून निर्वाळा दिला की तो आकाशातला नाही. २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाभोवती हजारोंनी दगड पडले. सरकारने झाँ-बाप्तिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला पाठवलं. तो गावोगाव हिंडला, वेगवेगळ्या थरांतल्या माणसांशी बोलला, दगड कुठे कुठे सापडले ते नकाशावर मांडलं. लंबगोल पट्टा दिसला. दगड आकाशातूनच पडले होते, शेतकरी खरं बोलत होते. बियो कमी शंकेखोर होता असं नाही. तो जागेवर गेला, एवढंच. आधीच्यांची शंका वारशात मिळालेली होती आणि वारशात मिळालेली शंका ही श्रद्धेची सख्खी बहीण असते.

नोंदसुद्धा बिघडू शकते. २०११ साली डॅरिल बेम या नामवंत मानसशास्त्रज्ञाने नऊ प्रयोग प्रसिद्ध केले. हजाराहून जास्त माणसं, मान्यवर नियतकालिक आणि निष्कर्ष असा की माणसाला भविष्याची किंचित चाहूल लागते. इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले, चाहूल काही लागेना. बेमने लबाडी केली असं कुणी म्हणालं नाही. उलट बोचणारी गोष्ट ही होती की त्याने त्या काळातल्या मानसशास्त्राची नेहमीचीच पद्धत वापरली होती. त्या पद्धतीने भविष्यवेत्तेपण सिद्ध होत असेल तर तिने सिद्ध झालेल्या बाकीच्या गोष्टींचं काय? त्या शास्त्रात जी झाडाझडती झाली, त्यामागचं हे एक कारण. प्रयोगाआधीच काय मोजणार ते जाहीर करून ठेवायची पद्धत आता रुजते आहे. म्हणजे माझी फोनची वहीच, जरा मोठी.

सार्वजनिक प्रश्न म्हणून याचं काय करायचं? 'भूत नसतं' हे वाक्य शाळेत पाठ करून घ्यायला माझा विरोध आहे. ते पाठ केलेलं मूल रात्री तीन वाजता माझ्यासारखंच पलंगावर आक्रसून बसेल, वर त्याला लाज वाटेल. त्याऐवजी त्याला फॅरेडेची काडी करायला लावा, आठवडाभर वही ठेवायला लावा. मुलं चुका मोजायला लागली की त्यांना त्यात मजा येते. मोठ्यांना येत नाही, कारण मोठ्यांचं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

अनुभव सांगणारा आणि अनुभव विकणारा यांत मात्र फरक करायलाच हवा. पहिल्याला ऐकून घ्यावं. दुसऱ्याला पुरावा मागावा आणि तो दमदाटी करत असेल, कुणा बाईला चेटकीण ठरवत असेल, आजाऱ्याचं औषध बंद करायला सांगत असेल तर कायद्याने धरावं. विकणाऱ्याचं भांडवल किती थोडं असतं हे बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली दाखवून दिलं. त्याने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून कागद दिला. वर्णन किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी ४.२६ पडले. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो फोररने बहुतांशी रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. 'तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून हळवे आहात', या थाटाची वाक्यं. कोण नाही म्हणेल?

शंका घेणाऱ्यांनी जिथे गप्प बसायला शिकावं, अशीही एक जागा आहे. वेल्समधल्या डेवी रीस नावाच्या डॉक्टरने १९७१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांना त्याने विचारलं. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की गेलेलं माणूस जवळ आहे असं त्यांना वाटलं होतं. काहींना दिसलं होतं, काहींना आवाज आला होता, थोड्यांना स्पर्श जाणवला होता. बहुतेकांना त्याने आधारच वाटला होता. आणि बहुतेकांनी रीसने विचारेपर्यंत हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका मित्राच्या घरी गेलो होतो. त्याचे वडील जाऊन आठ महिने झाले होते. मित्र आत फोनवर बोलत होता. काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तू हसशील. पण हे पहाटे अजून खोकतात. पलीकडच्या खोलीत. पूर्वीसारखंच, दोनदा."

मी हसलो नाही. रीसच्या अभ्यासाबद्दल सांगितलं, निम्म्या माणसांना असं होतं म्हणून. त्यांचे खांदे जरा सैल झाले.

"म्हणजे मला वेड नाही लागलेलं."

"नाही, काकू."

"मग हे असतात का रे तिथे?"

खोटं बोलावंसं वाटलं. "मला नाही वाटत," मी म्हणालो.

"मलाही नाही वाटत," त्या म्हणाल्या. "पण मी उठते. दिवा लावून बघून येते."

"रोज?"

"रोज."